नागुबाईचं राखून ठेवणं

नागुबाई भर पावसात छत्री काखेत मारून भिजत यायची. छत्री धड होती. एक काडी मोडलेली न्हवती, कापडाला भोक न्हवतं. मीच दिलेली. पहिल्यांदा बघितलं तवा वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. दारातनंच वरडलो, "आगं आक्का, छत्री काय मिरवायला आणलीस व्हय?" तर पदरानं तोंड पुसत म्हणते कशी, "ह्यो काय पाऊस हाय व्हय, अण्णा? मोठ्या पावसाला राहू दे."

आता बोला. आणि मोठा पाऊस आला की बाई घरातनं बाहेरच पडायची न्हाय. म्हणायची, असल्या पावसात छत्रीचं वाटोळं हुईल.

मी कलगोंडा. निपाणीत आमचं मिरची कांडप हाय. वडलांनी कुटायचा डंक बसवला, मी चालवतो. आम्ही जैन, घरात कांदा-लसूण चालत न्हाय, पण निम्म्या निपाणीची कांदा-लसूण चटणी आमच्याच डंकात कुटून जाते. त्यावरनं लोक चेष्टा करतात, करू देत. मला राग लवकर येतो. माझी बायको कमला म्हणते, जन्मभर मिरचीची धूळ खाल्ली, आता तोंडातनं साखर कुठनं पडणार? असंल. पण नागुबाईवर मी जेवढा चिडलो तेवढा पोटच्या पोरावर चिडलो न्हाय, आणि आज तिचंच सांगायला बसलोय.

ती आमच्या अंगणात मिरच्यांचे देठ काढायची. वर्षाची चटणी करायला लोक ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची घेऊन येतात. ती उन्हात वाळवायची, देठ खुडायचे, कुजकी आणि पांढरी पडलेली बाजूला काढायची, मग डंकात टाकायची. ज्यांच्या घरात बायकांना सवड न्हाय त्यांचं हे काम नागुबाई करायची. माहेर तिचं खानापूरकडं, नंदगडच्या पलीकडं रानात. लग्न होऊन निपाणीत आली. नवरा तंबाखूच्या वखारीत हमाल, तो लवकर गेला. एक पोरगा, भरमा, गोव्यात हॉटेलात असतो. असतो म्हणजे हाय आपलं म्हणायचं. गणपतीला येतो म्हणतो आणि येत न्हाय.

राखून ठेवणं हा त्या बाईचा धर्मच होता. दिवाळीला कमलानं लुगडं दिलं की ते पेटीत, अंगावर तेच ठिगळाचं. साबणाची वडी आणली की विळीवर अर्धी कापून अर्धी डब्यात. लग्नातला लाडू पदराच्या गाठीत बांधून न्यायची. चतकोर आज, चतकोर उद्या, असं करता करता उरलेल्याला बुरशी यायची, मग ती बुरशी खरवडून खायची. म्हणजे जन्मात ताजा लाडू एकदाच, तो बी चतकोर. मी म्हणायचो, "आक्का, देवानं दात दिलेत ते तरी वापरतीस, का ते बी राखून ठेवतीस?"

ती हसायची. "हातात हाय तवर हाय, अण्णा. संपल्यावर कोण देणार?"

"मी देतो की!"

"आज देतासा," म्हणायची ती, आणि पुढची मिरची हातात घ्यायची.  

एके वर्षी एक गिऱ्हाईक बाई चटणीचा डबा घेऊन परत आली. डबा माझ्यापुढं आदळला. "अहो, ही चटणी हाय का काटक्या?" बघतो तर खरंच देठांचे तुकडे. असं कधी झालं न्हवतं. मी तणतणत अंगणात गेलो, आणि तिथंच थांबलो. नागुबाई एकेक मिरची नाकाजवळ नेऊन धरत होती, तरी दिसंना म्हणून अंगठ्यानं चाचपत होती.

"दिसत न्हाय व्हय गं तुला?"

"दिसतंय की. जरा धुकं हाय."

"शिमग्याच्या उन्हात कसलं धुकं?"

डॉक्टरला दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कधीपासनं लपवत होती देव जाणे. देठ काढणाऱ्या बाईचा डोळा गेला तर मागं काय राहतं? तिची भाकरी डोळ्यावर होती. भरमाच्या भरवशावर बसली असती तर चूल कधीच थंड पडली असती. कामावरनं काढतील ह्या भीतीनं ती दुखणं झाकत होती, आणि झाकल्यानं दुखणं वाढत होतं. मी लई बोललो तिला त्या दिवशी. मग त्या वर्षी रोज तिच्या मागनं मष्णू, आमच्या डंकावरचा माणूस, मिरची परत एकदा बघायचा. तसंच निभावलं.

पुढच्या वर्षी, चटणीचे दिवस तोंडावर आलेले असताना, निपाणीत डोळ्यांचं फुकट शिबिर लागलं. गाडी येणार, बेळगावला नेणार, डोळ्याचं ऑपरेशन करून परत आणून सोडणार. जेवणखाण सुद्धा त्यांचंच. मी नागुबाईला सांगितलं तर म्हणाली, "चटणीचे दिवस हायत, अण्णा. आता बसून कसं चालंल? एकदा दुसरी बाई हितं बसली की झालं."

"कोण बसती बघतो! ही जागा तुझी हाय. तू बरी होईस्तोवर घरबसल्या मजुरी देतो, आणि वर एक शब्द बोललीस तर डंकात घालीन." असंच बोलावं लागायचं तिच्याशी. कमलानं समजूत घातली, मी दम दिला, तवा कुठं गाडीत बसली.

डॉक्टरनं उजवा डोळा आधी केला. डावा दिवाळीनंतर करू म्हणाले. पट्टी काढली तवा आम्ही दोघं गेलतो. नागुबाईनं डोळा मिचमिचवला, कमलाकडं टक लावून बघितलं आणि म्हणली, "अगं बया! वहिनी, तुमचं केस कवा एवढं पिकलं?"

वॉर्डातली सगळी माणसं हसली. कमला लाजली आणि हसता हसता रडली. नागुबाई मग भिंत बघायली, खिडकी बघायली, स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघायली. हाताच्या भेगांत मिरचीचा लाल रंग बसलेला, तो दिसला तिला. "धुतलं तरी जात न्हाय व्हय ह्यो?" म्हणली. एवढी खुशीत तिला मी कधी बघितली न्हवती.

सिस्टर चिकोडीकडची होती. तिनं सगळं नीट सांगितलं. ही बाटली, जागं असताना दर थोड्या तासानं एक थेंब, बरं वाटलं तरी सोडायचं न्हाय. बाटली संपली की दुसरी न्यायची, ती बी फुकट. धूर न्हाय, धूळ न्हाय, मिरचीच्या आसपास तर फिरकायचं सुद्धा न्हाय. एकदा मराठीत सांगितलं, एकदा कन्नडात सांगितलं. नागुबाईनं दोन्हीला मान हलवली.

मला भ्या होतं ते मिरचीचं. गल्लीत सगळ्यांचं तेच म्हणणं, ही बाई घरात राहायची न्हाय. मष्णू तर पैजेला तयार होता, म्हणाला, "मालक, आठ दिवसांत अंगणात येऊन बसत्या का न्हाय बघा." मी तिला बजावलं, "उंबऱ्यात दिसलीस तर बघ." आणि खरं सांगतो, बाईनं शब्द पाळला. चटणीचे दिवस भरात आले, अंगण लाल झालं, पोत्यांवर पोती पडली, गिऱ्हाईकं वरडायला लागली, तरी नागुबाई आली न्हाय. लईच जीव राहिला न्हाय तर रस्त्याच्या पलीकडं नाकातोंडाला पदर लावून उभी राहायची आणि हाक मारायची, "अण्णा, लई हाय का वो काम?"

"हाय! तू जा घरला!"

जायची. मला लई अभिमान वाटायचा. मी लोकास्नी सांगत सुटलो, बघा, गरीब माणसाला नीट सांगितलं, दोन घास पोटाला दिले, तर तो बी शहाण्यागत वागतो. कमला रोज डबा पाठवायची. मी मधनंमधनं जाऊन विचारायचो, "औषध घालतीस न्हवं?" ती म्हणायची, "व्हय की." कोनाड्यात देवाच्या फोटोजवळ बाटली उभी असायची. औषधाला पण हळदीकुंकू लावलेलं. आणखी काय पायजे माणसाला?

एक दिवस सकाळी डबा मीच घेऊन गेलो. दार लोटलेलं. नागुबाई भिंतीला टेकून बसलेली, उजव्या डोळ्यावर पदराचा बोळा दाबून. मी म्हटलं, "काय झालं गं?" म्हणाली, "काय न्हाय. धूळ गेली असंल." मी पदर बाजूला केला. डोळा सुजून लालभडक झालेला, पाणी गळत होतं. कधीपासनं दुखतंय विचारलं तर म्हणते, "एवढ्यातेवढ्याला कुठं कुणाला सांगायचं? तुमची कामाची गडबड."

मिळंल त्या गाडीनं बेळगाव गाठलं. डॉक्टरनं डोळा बघितला. मग विचारलं, "औषधाची बाटली आणली का?" तिनं कनवटीतनं काढून दिली. बरोबर आणली होती, जपून, फडक्यात गुंडाळून. डॉक्टरनं ती उजेडात धरली.

निम्मी भरलेली.

"थेंब कधी बंद केले, आजी?"

"चांगलं दिसाय लागलं तवा."

"का?"

नागुबाईनं डॉक्टरकडं असं बघितलं की जणू त्यालाच काय कळत न्हाय. "अजून दुसरा डोळा करायचाय न्हवं, साहेब? दिवाळीनंतर. त्याला लागंल की औषध. म्हणून राखलं."

मी तिथंच फुटलो. दवाखाना हाय, माणसं हायत, काय भान राहिलं न्हाय. "आगं, दुसऱ्याला दुसरी देणार होते की! फुकट देणार होते! सिस्टरनं दोन भाषांत सांगितलं तुला! मला म्हणली असतीस तर मी दहा बाटल्या आणून दिल्या असत्या! काय म्हणून राखलंस?" डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर बसवलं. तो चिडला न्हाय. मला वाटतंय, असलं त्यानं आधी बघितलं असणार.

लई खटपट केली त्यांनी. सुया दिल्या, आत ठेवून घेतलं. पण उजवा डोळा गेला तो गेलाच.

घरी आणताना आम्ही एसटीत शेजारी बसलो होतो. वाटेतलं हत्तरगी गाव मागं पडलं. मला तोंड उघडायची भीती वाटत होती, उघडलं की शिव्याच आल्या असत्या. तीच बोलायला लागली, खिडकीकडं तोंड करून, गेलेला डोळा माझ्या बाजूला.

"अण्णा, भरमाच्या पाठीवर मला अजून एक पोरगा होता. शामू. तुमास्नी ठावं न्हाय."

मला ठाऊक न्हवतं. इतक्या वर्षांत एकदा बी बोलली न्हवती.

माहेरी गेलेली, खानापूरच्या रानात. श्रावणाचे दिवस. भरमाला ताप भरला. भावानं खानापुरातनं औषधाची बाटली आणून दिली, गोड लाल औषध. कंपाउंडरनं सांगितलं होतं तसं तिनं दिलं, चमच्यानं, रोज, बाटली रिकामी होईपर्यंत. भरमा उठून खेळायला लागला. आणि मग शामूला ताप भरला. तोच ताप. तवर ओढ्याला पूर आलेला. पलीकडं जायला वाट न्हाय. घरात बाटली होती, पण रिकामी.

"मी त्यात पाणी घातलं, अण्णा. खळखळून तेच पाजलं त्याला. तळाला काय लागलं असंल तर म्हणून." थांबली. "भरमा तवा बराच झालता वो. शेवटचे चार चमचे दिले नसते तरी चाललं असतं. निम्मं राखलं असतं तर दोघंबी राहिले असते."

"चार चमच्यानं काय झालं असतं, आक्का?" मी म्हटलं.

"काय ठावं? पण माझ्याकडं न्हवते."

गाडी चालली होती. मागं कुणीतरी मोबाईलवर गाणी लावली होती. मला इतका हुंदका आला की मी रुमाल तोंडात कोंबला. तिला अडाणी म्हणत होतो मी, येडी म्हणत होतो. ती अडाणी न्हवती. तिला एकदाच धडा मिळाला होता आणि पोरगं देऊन ती तो शिकली होती. असला धडा माणूस सिस्टरच्या सांगण्यावरनं विसरंल व्हय? आम्हाला बाटली संपली की दुकान दिसतं. तिला ओढा दिसायचा.

त्यानंतर तिचा डावा डोळा करायचा विषय निघाला. डॉक्टर म्हणत होते, करू, नीट होईल, ह्यावेळी थेंब कुणीतरी दुसऱ्यानं घाला. कमला म्हणाली मी घालते. मी म्हटलं, आमच्याकडंच राहा महिनाभर. पण नागुबाई ऐकंना.

"आता एकच हाय, अण्णा. त्याला हात लावू नका."

"आगं, न्हाय लावला तर तो आपसूक जाणार हाय. मोती पिकत चाललाय."

"जाईल तवा जाईल. आज हाय न्हवं? एवढा राहू दे."

छत्रीसारखं. मी डोक्यावर हात मारून घेतला. दम दिला, हातापाया पडलो, भरमाला गोव्यात फोन लावला, तो म्हणाला आईला काय वाटंल ते करा. दिवाळी गेली, दुसरी आली. धुकं दाट होत गेलं. नागुबाई अंगणात येऊन बसते अजून. अंगठ्यानं देठ चाचपते आणि खुडते. ती गेली की मी आणि मष्णू सगळी मिरची परत बघतो. तिला ठाऊक न्हाय. का हाय, मला सांगता येत न्हाय.

यंदा माझ्याच डोळ्यात मोती निघाला. डाव्या. कमला घाबरली, मी म्हटलं, बरंच झालं. आक्काच्या देखत करून घेतो, मला चांगलं दिसलेलं बघितलं की तिचा धीर होईल. अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आक्का, मी बी चाललोय बेळगावला डोळा करायला. माझं बघ आणि मग ठरव." ती नुसती हं म्हणली.

दुसऱ्या दिवशी भिंतीला हात लावत लावत घरी आली. थेट सोप्यावर. कनवटीतनं फडकं काढलं, गाठ सोडली, आणि बाटली माझ्यापुढं धरली. तीच. हळदीकुंकवाचा डाग अजून होता तिच्यावर. आतलं औषध पिवळं पडलेलं.

"निम्मी हाय अजून," म्हणली. "माझ्या कामाची न्हाय आता. तुमास्नी लागंल. माझ्याकडनं घ्या, अण्णा, एवढं खाल्लंय तुमचं."

कमला तोंडाला पदर लावून आत पळाली.  फेकून द्यायची चीज ती. विष झालेलं. मी दोन्ही हातांनी घेतली, देवाचा अंगारा घ्यावा तशी, आणि म्हटलं, "बरं झालं आणलीस गं."

डोळा झाला माझा, चांगला झाला. थेंब दुकानातनं आणले, कमलानं वेळच्या वेळी घातले. महिन्यानं अंगणात गेलो. नागुबाई पाटीजवळ बसली होती. आता माणूस तिला आवाजावरनंच कळतो. मी समोर उकिडवा बसलो आणि धडधडीत खोटं बोललो.

"आक्का, तुझंच औषध घातलं बघ. लई गुण आला. लखलखीत दिसतंय."

तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू. सुरकुत्या सुरकुत्यांतनं हसली. हात पुढं करून माझा गुडघा चाचपला आणि विचारलं, "सगळं घातलासा?"

"सगळं. एक थेंब ठेवला न्हाय."

हसू गेलं. हातातली मिरची तशीच राहिली. मग काळजीनं, लहान भावाला सांगावं तसं म्हणली, "का वो सगळं घातलासा? जरा राखायचं होतं. तुमचा अजून एक डोळा हाय की."